एस-बॉक्स उत्क्रांत करायचा की त्याचं सर्किट? एका मीटर-मॉड्यूलचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका लहानशा हार्डवेअर टीमचं आहे. मी त्या टीममध्ये होतो. ग्राहक, उत्पादन आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. तांत्रिक घटनाक्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, चुकांसकट.

काम होतं पाण्याच्या मीटरला जोडायच्या संपर्क मॉड्यूलचं. मीटरची नोंद कूटबद्ध करून वायरलेसने पाठवायची, बस्स. मॉड्यूल बॅटरीवर वर्षानुवर्षं चालायला हवं होतं. पहिली तुकडी कमी वीज खाणाऱ्या छोट्या एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं मांडता येणाऱ्या चिपवर, काढायची आणि मागणी वाढली तर पुढे स्वतंत्र चिप करायची, असं ठरलेलं. त्यामुळे जागेची काटकसर पहिल्या दिवसापासून होती. कूटबद्ध करणाऱ्या ब्लॉकच्या वाट्याला एफपीजीएचा एक कोपरा आला होता.

मीटर बसतात जिन्याखाली, कंपाउंडच्या भिंतीत, रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये. ज्याला आतली किल्ली काढायची आहे तो उपकरण उचलून घरी नेऊ शकतो आणि टेबलावर ठेवून आठवडाभर मोजमापं घेऊ शकतो. सर्व्हर कुलूपबंद खोलीत असतो, मीटर नसतो. पुढचं सगळं या एका वस्तुस्थितीतून आलं.

टीममध्ये आमच्या लीड मॅडम, मी, आणि नुकताच एम.टेक. करून आलेला एक मुलगा. त्याचा प्रबंध जेनेटिक अल्गोरिदमवर, म्हणजे उत्क्रांतीची नक्कल करून उत्तर शोधण्याच्या पद्धतीवर, होता. ग्राहकाकडून एक सुरक्षा सल्लागार दर पंधरा दिवसांनी आढावा घ्यायचे.

अडचण

कागदावर भक्कम असलेला सायफर, म्हणजे कूटबद्ध करायची पद्धत, सर्किटमध्ये उतरला की गळायला लागतो. आतला बिट ० चा १ किंवा १ चा ० होताना थोडी वीज खर्च होते आणि किती खर्च होते ते आत फिरणाऱ्या डेटावर ठरतं. पॉल कोचर, जोशुआ जॅफे आणि बेंजामिन जुन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की वीजवापराचे असे पुष्कळ आलेख, म्हणजे ट्रेस, जमवले आणि साधं संख्याशास्त्र लावलं की किल्ली बाहेर येते. २००४ मध्ये ब्रिए, क्लाव्हिए आणि ऑलिव्हिए यांनी त्यात सहसंबंध गुणांक आणला आणि हल्ला आणखी सोपा झाला. आज चिपव्हिस्पररसारखं साधन लॅपटॉपपेक्षा कमी पैशांत मिळतं.

हल्ल्याचं आवडतं ठिकाण म्हणजे एस-बॉक्स. सायफरमधला हा आकड्यांचा तक्ता ठराविक बिट आत घेतो आणि अगदी वेगळेच बिट बाहेर देतो. सायफरचं बहुतेक बळ त्याच्यात असतं. किल्लीचा छोटा तुकडा थेट त्याच्या तोंडाशी येत असल्यामुळे हल्लेखोराला तुकड्यातुकड्याने अंदाज बांधता येतो. तुकडा ४ बिटांचा असेल तर अंदाज फक्त १६. प्रत्येक अंदाजाप्रमाणे वीज किती लागली असती ते मांडायचं आणि खऱ्या ट्रेसशी ताडून पाहायचं.

आम्ही कुठलंही संरक्षण नसलेली आवृत्ती एफपीजीएवर चढवली आणि स्वतःच हल्ला केला. त्याच दुपारी किल्ली हातात आली.

कोणते मार्ग होते

सरळ मार्ग म्हणजे एईएस हा जगभर वापरला जाणारा मानक सायफर घ्यायचा आणि त्याला मास्किंग करायचं, म्हणजे प्रत्येक बिट यादृच्छिक हिस्स्यांत वाटून चालवायचा. पण २०११ मध्ये अमीर मोरादी आणि सहकाऱ्यांनी एईएसची अतिशय आटोपशीर आवृत्ती प्रसिद्ध केली होती, त्यातले आकडे बोलके होते: संरक्षणाशिवाय सुमारे २,४०० गेट (सर्किटचे छोटे घटक, जागा त्यांत मोजतात), आणि ग्लिचलाही, म्हणजे सर्किटमधल्या क्षणिक झटक्यांनाही, पुरून उरेल असं मास्किंग केल्यावर सुमारे ११,०००. हे आमच्या कोपऱ्यात मावणारं नव्हतं. दुसरा मार्ग प्रत्येक बिटाबरोबर त्याचा उलटा बिटही चालवण्याचा, म्हणजे एकूण वीज सारखीच दिसते. यात जागा दुपटीच्या पुढे जाते आणि तारांच्या जोड्या अगदी तंतोतंत जुळवाव्या लागतात. एफपीजीएवर ते आमच्या हाताबाहेरचं होतं.

तिसरा मार्ग प्रेझेंटचा. २००७ मध्ये आलेला हा हलका सायफर ६४ बिटांचा ब्लॉक घेतो, त्याला ३१ फेऱ्या आहेत आणि एस-बॉक्स अवघा ४ बिटांचा. मूळ लेखात ८० बिट किल्लीची आवृत्ती १,५७० गेटमध्ये बसवली होती. पुढे आयएसओच्या हलक्या सायफरांच्या मानकातही त्याला स्थान मिळालं. ८० बिट आता कमी पडतात, म्हणून आमच्या मनात १२८ बिटांची आवृत्ती होती.

आणि चौथा, ज्याने आम्हा सगळ्यांना भुरळ घातली: मास्किंगचा खर्चच टाळायचा. मुळातच वीज-विश्लेषणाला दाद न देणारा एस-बॉक्स उत्क्रांतीने शोधायचा. रचना एईएससारखी ठेवायची आणि तक्ता आपला. या दिशेने बरंच संशोधन झालेलं होतं आणि नव्या मुलाला साधनं माहीत होती. मॅडमना शंका होती, तरी त्यांनी तीन आठवडे दिले. आमचा पहिला खरा निर्णय हा, आणि माझ्या मते तो आम्ही नीट विचार न करता घेतला.

पहिला प्रयत्न: तक्ताच उत्क्रांत करणे

८ बिटांचा एस-बॉक्स म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची एक मांडणी. सुरुवातीला अशा यादृच्छिक मांडण्यांची एक पिढी घ्यायची, प्रत्येकीला गुण द्यायचे, चांगल्या ठेवायच्या, त्यांच्यात दोन-दोन नोंदींची अदलाबदल करून पुढची पिढी काढायची. गुण कशाचे द्यायचे, तिथे सगळी मेख असते.

क्रिप्टोग्राफीतलं पहिलं माप म्हणजे अरेखीयता, तक्ता कुठल्याही सरळ समीकरणापासून किती लांब आहे ते. एईएसच्या तक्त्याची अरेखीयता ११२. यादृच्छिक तक्त्यांची बहुधा ९२–९४. दोन नोंदींची एक अदलाबदल हे माप जास्तीत जास्त २ ने हलवू शकते, आणि एका तक्त्यात अशा अदलाबदली ३२,६४० असतात. त्यातल्या बहुतेकींनी काहीच हलत नाही. म्हणजे आमची उत्क्रांती एका सपाट माळावर सोडलेली होती, चढ कुठे आहे ते तिला दिसतच नव्हतं. यॉर्क विद्यापीठात जॉन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय सुचवलेला होता: फक्त सर्वात वाईट आकडा न पाहता वॉल्श वर्णपटातल्या, म्हणजे तक्ता प्रत्येक सरळ समीकरणाशी किती जुळतो त्या यादीतल्या, सगळ्या आकड्यांना गुण द्यायचे. ते केल्यावर शोध पुढे सरकला आणि शंभराच्या थोडं वर जाऊन अडकला. यादृच्छिक सुरुवात करणाऱ्या इतरांचाही अनुभव असाच होता. ११२ पर्यंत पोचलेले लोक बहुतेक गणिताने बांधलेल्या चांगल्या तक्त्यापासून निघालेले होते.

दुसरं माप वीज-विश्लेषणाचं. एमान्युएल प्रूफ यांनी २००५ मध्ये मांडलेली पारदर्शकता श्रेणी आम्ही घेतली. ८ बिटांसाठी ती जास्तीत जास्त ८ असू शकते, आणि एईएसची आहे ७.८६०. म्हणजे या मापाने जगातला सर्वात विश्वासाचा तक्ता जवळजवळ सर्वात वाईट ठरतो!

मला हे कळायला वेळ लागला, म्हणून इथे थोडं थांबतो. तक्ता जितका अरेखीय, तितका किल्लीचा चुकीचा अंदाज खऱ्यापेक्षा पूर्ण वेगळं भाकीत करतो. त्यामुळे गर्दीत खरा अंदाज एकटा उठून दिसतो. कमी अरेखीय तक्त्यात चुकीचे अंदाजही खऱ्याच्या जवळपास वागतात, आणि हल्लेखोर गोंधळतो. ज्या गुणामुळे तक्ता गणिती हल्ल्यांना पुरून उरतो, त्याच गुणामुळे तो विजेच्या हल्ल्याला सोपा जातो. क्लोद कार्ले यांनीही २००५ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. आम्ही तो लेख वाचलेला होता. तरीही दोन्ही मापांना वजनं देऊन, बेरीज करून, ती बेरीज उत्क्रांतीच्या हाती दिली. वजन इकडे वाढवलं की तक्ता गणितात ढिला व्हायचा, तिकडे वाढवलं की एईएसच्या दिशेने सरकायचा. या बेरजेतून एका सुरक्षेच्या बदल्यात दुसरी विकत घेतली जात होती, एवढंच.

शेवटी एक मधला तक्ता निवडून आम्ही तो एफपीजीएवर घातला. हल्ल्याला ट्रेस पूर्वीपेक्षा थोडे जास्त लागले, आणि किल्ली आलीच. शिवाय जागाही वाढली. एईएसच्या तक्त्यामागे बीजगणित आहे, त्याच्या आधारे बॉयर आणि पेराल्टा यांनी तो ११५ गेटमध्ये बसवून दाखवला होता. आमच्या तक्त्यामागे काहीच रचना नव्हती, म्हणून सिंथेसिसनंतर, म्हणजे टूलने कोडचं सर्किट केल्यावर, तो कितीतरी मोठा निघाला. जागेला आम्ही गुणच दिले नव्हते, तेव्हा उत्क्रांतीने तिची फिकीर का करावी?

आढाव्यात मी हे सगळं मांडलं. सल्लागारांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, हा तक्ता तुमच्याशिवाय आणखी कोणी फोडायचा प्रयत्न केला आहे का?"

उत्तर नाही असंच होतं. एईएस २००१ मध्ये मानक झाला तो जगभरच्या तज्ज्ञांनी जाहीरपणे चिरफाड केल्यावर, आणि चिरफाड त्यानंतरही थांबलेली नाही. आमच्या तक्त्याला तीन आठवड्यांचं आयुष्य आणि तीन माणसांची नजर होती.

निर्णयाचा टप्पा: उत्क्रांतीला कुठे मोकळं सोडायचं

त्या आठवड्यात आमची मोठी चर्चा झाली. उत्क्रांती सोडूनच द्यावी असं मला वाटत होतं. मॅडमनी प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला: आपण तिला अशा जागी सोडली जिथे तिचं उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला दहा वर्षं लागतील. जिथे ते लगेच आणि पूर्णपणे तपासता येईल अशी जागा आहे का?

अशी जागा होती. सायफर प्रेझेंटच ठेवायचा, तक्त्याला हात लावायचा नाही. तोच तक्ता मास्किंगसह सर्किटमध्ये कसा उतरवायचा, एवढंच उत्क्रांतीने शोधायचं.

तक्त्याच्या बाबतीत ४ बिटांमध्ये शोधण्यासारखं फारसं उरलेलंही नव्हतं. १६ आकड्यांच्या मांडण्या सुमारे २१ लाख कोटी होतात, पण अॅफाइन बदल, म्हणजे रेषीय बदल आणि वर ठराविक बिट उलटे करणं, सारखे धरले तर त्या अवघ्या ३०२ गटांत बसतात. त्यातले १६ गट सर्वोत्तम, हे लिआंडर आणि पॉशमन यांनी २००७ मध्येच दाखवलं होतं. गणिताने नांगरून ठेवलेल्या शेतात पुन्हा बैल जुंपायची गरज नव्हती.

मास्किंगची आम्ही निवडलेली पद्धत थ्रेशोल्ड इम्प्लिमेंटेशन, निकोवा, रेखबर्गर आणि रायमेन यांनी २००६ मध्ये मांडलेली. प्रत्येक बिटाचे तीन हिस्से करायचे, तिघांची एक्सॉर (हातचा न घेता बेरीज) केली की मूळ बिट मिळतो. नियम असा की सर्किटचा कुठलाही तुकडा तिन्ही हिस्से एकत्र पाहू शकत नाही, फार तर दोन. मग सिग्नल उशिरा-लवकर पोचून जे क्षणिक झटके उठतात, ज्यांना आम्ही ग्लिच म्हणतो, त्यांच्यातूनही मूळ बिट गळत नाही, कारण त्या तुकड्याला तो माहीतच नसतो. दुसरा नियम एकसमानतेचा: बाहेर पडणारे हिस्सेही आत आलेल्यांइतकेच यादृच्छिक राहिले पाहिजेत.

तीन हिस्से पुरतात ते दुसऱ्या घाताच्या फलनापर्यंत, म्हणजे ज्यात एका वेळी फार तर दोन बिटांचा गुणाकार असतो. प्रेझेंटचा तक्ता तिसऱ्या घाताचा आहे. म्हणून त्याचे दुसऱ्या घाताचे दोन टप्पे करायचे, आधी जी, मग एफ, आणि मध्ये रजिस्टर, म्हणजे बिट थोपवून धरणारी साठवण. ४ बिटांच्या नेमक्या अर्ध्या तक्त्यांचीच अशी फोड होऊ शकते: मूळ क्रमापासून तक्त्यापर्यंत पोचायला ज्यांना सम संख्येने अदलाबदली लागतात त्यांची. नव्या मुलाने प्रेझेंटचा तक्ता कागदावर सोडवला. ७, ४, ३ आणि २ लांबीची चक्रं निघाली, म्हणजे ६ + ३ + २ + १, एकूण १२ अदलाबदली. सम. तो कागद बरेच दिवस आमच्या फळ्यावर चिकटवलेला होता.

पॉशमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा फोडीने मास्किंग केलेला प्रेझेंट २,३०० गेटच्या आत बसवला होता, म्हणजे वाट मळलेली होती. पण फोड एकच नसते. जी आणि एफ यांच्या मध्ये कुठलाही उलटवता येणारा अॅफाइन बदल घालून पुढच्या टप्प्यात तो उलटवला तरी तक्ता तोच राहतो. ४ बिटांसाठी असे बदल ३,२२,५६० आहेत. शिवाय एकसमानता साधायला हिस्स्यांमध्ये जोडीने जी दुरुस्तीची पदं घालावी लागतात त्यांची निवड वेगळीच. प्रत्येक पर्यायाचं सर्किट लहान-मोठं होतं आणि ते सिंथेसिस केल्याशिवाय नीट कळत नाही. एका सिंथेसिसला अर्धं मिनिट धरलं तर एकाच फोडीचे सगळे बदल तपासायला ११२ दिवस लागले असते. उत्क्रांतीसाठी ही खरी जागा होती.

पहिल्या प्रयत्नातून एक गोष्ट शिकलो होतो: सुरक्षेला वजन द्यायचं नाही, तिची हद्द आखायची. तीन हिस्स्यांचे ४ बिट म्हणजे १२ बिट, म्हणजे ४,०९६ इनपुट. दोन्ही टप्पे सगळ्याच्या सगळ्या इनपुटांवर तपासायचे. उत्तर चुकलं तर बाद. १२ बिटांची ती मांडणी एकास-एक नसेल, म्हणजे एकसमान नसेल, तर बाद. गुण फक्त उरलेल्यांना, आणि तेही जागा व वीज या दोनच गोष्टींचे. या दोहोंचा समतोल शोधायला एनएसजीए-२ वापरला. कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमधून २००२ मध्ये दिलेला हा अल्गोरिदम अशा कामाला जगभर वापरतात. बदलासाठी मॅट्रिक्सची एक ओळ दुसरीत मिळवायची, म्हणजे ती उलटवता येणारीच राहते. क्रॉसओव्हर ठेवला नाही, कारण दोन चांगल्या मॅट्रिक्सच्या संकरातून न उलटणारी मॅट्रिक्स सहज निपजते.

बिघाड

शोध सुरेख चालला. दहाएक दिवसांनी एलयूटींची, म्हणजे एफपीजीएत फलनं ज्यांत बसतात त्या छोट्या तक्त्यांची, संख्या अचानक खाली आली, हाताने केलेल्या आमच्या आवृत्तीपेक्षा खूपच खाली. ४,०९६ इनपुटांची परीक्षा पास. आम्ही खूश होतो.

मग गळती-चाचणी. पद्धत अशी: एका गटात ठराविक मजकूर, दुसऱ्यात यादृच्छिक, आणि प्रत्येक क्षणी दोन्ही गटांच्या विजेत फरक आहे का ते टी-चाचणीने पाहायचं. ४.५ ची रेषा ओलांडली की गळती. आधी मास्क बंद ठेवून चाचणी घेतात, गळती दिसायलाच हवी, नाहीतर मोजमापच बिघडलेलं. ती दिसली. मास्क चालू केले. आलेख खाली बसला, पण एका घड्याळ-चक्रात रेषेच्या वर एक टोक उभं राहिलं. ट्रेस वाढवले तसं टोक उंच होत गेलं.

तीन दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. यादृच्छिक बिट देणारं सर्किट तपासलं, प्रोब बदलला, दुसरा बोर्ड घेतला. टोक हललं नाही. चौथ्या दिवशी नवा मुलगा रिपोर्ट घेऊन आला. "मॅडम, जे आऊटपुट बिट नुसती तार म्हणून पुढे जात नाहीत, त्या प्रत्येकाला स्वतःचा एलयूटी लागेल ना? मी मोजले. एलयूटी त्यांच्याहून कमी आहेत."

तिथे उलगडा झाला. त्या एफपीजीएतला सहा इनपुटांचा एक एलयूटी, पाच सामाईक इनपुटांत भागत असेल तर, दोन फलनं पोटात घेऊ शकतो. टूलने जागा वाचवायला पहिल्या हिस्स्याचं एक फलन आणि दुसऱ्या हिस्स्याचं एक फलन एकाच एलयूटीत घातलं होतं. एक फलन दुसरा-तिसरा हिस्सा पाहणारं, दुसरं पहिला-तिसरा. प्रत्येक फलन वेगळं पाहिलं तर नियम पाळतंय. पण ज्या सिलिकॉनमध्ये ती दोन्ही बसली होती तिथे तिन्ही हिस्से एकत्र आले होते. आमची परीक्षा कोडवर होती, गुण एलयूटी मोजून मिळत होते. या दोहोंमधली फट उत्क्रांतीने पिढ्यान् पिढ्या शोधली, आणि नेमके ते पर्याय वर आणले ज्यांची फलनं सर्वात जास्त एकत्र कोंबली जातात. टूल आपलं काम चोख करत होतं, उत्क्रांतीही. नियम अपुरा लिहिला होता तो आम्ही.

ससेक्स विद्यापीठातल्या एड्रियन थॉम्पसन यांचा १९९६ चा प्रयोग मला तेव्हा आठवला. झायलिंक्सच्या एक्ससी६२१६ या एफपीजीएच्या १० × १० सेलच्या कोपऱ्यात त्यांनी १ आणि १० किलोहर्ट्झचे सूर ओळखणारं सर्किट उत्क्रांत केलं, घड्याळ न देता. ते चाललं. त्यातले काही सेल आऊटपुटपर्यंत कुठल्याच तारेने जोडलेले नव्हते, तरी त्यांना गोठवलं की सर्किट बिघडायचं. उत्क्रांतीने त्या विशिष्ट सिलिकॉनचे भौतिक गुण वापरून घेतले होते. सूर ओळखायच्या कामात ही कमाल आहे. आमच्या कामात अशाच न सांगितलेल्या भौतिक जोडणीतून किल्ली बाहेर जाते.

पुन्हा निर्णय

आता दोन मतं होती. मला हाताने केलेली आवृत्ती घेऊन मोकळं व्हायचं होतं, तारीख जवळ आली होती. नव्या मुलाचं म्हणणं होतं की टी-चाचणीचा आकडाच गुणांमध्ये घालू: प्रत्येक उमेदवार बोर्डवर चढवायचा, मोजायचा, गळला तर बाद. ऐकायला हे फार प्रामाणिक वाटतं, आणि आम्ही त्याच्या जवळ गेलोही होतो.

मॅडमनी नकार दिला. वेळ हे त्याचं एक कारण, एका उमेदवाराचे पुरेसे ट्रेस घ्यायलाच तास गेले असते. त्यांना मोठं वाटत होतं ते दुसरं कारण. ज्या बोर्डवर, ज्या प्रोबने, ज्या तापमानात आपण मोजू त्याच परिस्थितीत गळती दिसू नये, असं सर्किट उत्क्रांती शोधून देईल. थॉम्पसन यांच्या प्रयोगाची ती नक्कल झाली असती. त्यांचं वाक्य मला लक्षात आहे: "प्रश्नपत्रिका अभ्यासाला दिली तर परीक्षा कशाची घेणार?" टी-चाचणी शोधाच्या बाहेर राहिली आणि ती चालवणारी व्यक्ती शोध चालवणारी नसेल, असंही ठरलं.

नियमाची दुरुस्ती मात्र शोधाच्या आत केली. टूलला फलनं एकत्र कोंबायची बंदी घातली आणि हिस्स्यांचे मॉड्यूल वेगळेच राहतील अशा सूचना दिल्या. पण टूल सूचना पाळतं यावर आता भरवसा ठेवायचा नव्हता. म्हणून एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. मांडणी पूर्ण झालेली नेटलिस्ट, म्हणजे सर्किटमधल्या घटकांची आणि जोडण्यांची यादी, घ्यायची, प्रत्येक प्रत्यक्ष एलयूटीपासून मागे रजिस्टरपर्यंत जायचं, वाटेत कुठले हिस्से लागतात ते नोंदवायचं. तिन्ही लागले तर उमेदवार बाद. ही हद्द नवी, आणि कोडऐवजी सिलिकॉनच्या नकाशावर आखलेली पहिलीच. शोध नव्याने सुरू केला, जुन्या पिढ्या फेकून दिल्या.

निष्पत्ती

अंतिम सर्किट त्या फसव्या विजेत्यापेक्षा मोठं निघालं, हाताने केलेल्यापेक्षा लहान. १० लाख ट्रेसपर्यंत पहिल्या क्रमाच्या, म्हणजे एका वेळी एकाच क्षणाची सरासरी वीज पाहणाऱ्या, चाचणीत टोक उठलं नाही. एकसमानता सांभाळल्यामुळे फेऱ्यांच्या मध्ये नवे यादृच्छिक बिट लागत नाहीत, सुरुवातीला डेटाच्या मास्कसाठी १२८ बिट दिले की पुरतात. बॅटरीच्या दृष्टीने जागेइतकीच ही बचत महत्त्वाची ठरली. दुसऱ्या क्रमाची गळती अर्थातच दिसते, कारण ही पद्धत पहिल्याच क्रमाची हमी देते. त्यावर उपाय वरच्या पातळीवर केला: सत्राच्या किल्ल्या ठराविक संदेशांनंतर बदलतात, म्हणजे एकाच किल्लीचे पुरेसे ट्रेस जमणं अवघड होतं. बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासणी केली, पहिली तुकडी बसली.

सल्लागारांनी शेवटच्या आढाव्यात पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता उत्तर देता आलं: सायफर जगाने तपासलेला, मास्किंगची पद्धत जगाने तपासलेली, आणि आमचा भाग असा की तुम्ही आत्ता, इथे बसून, ४,०९६ इनपुट आणि एक स्क्रिप्ट चालवून तपासू शकता. त्यांनी खरंच चालवली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिले तीन आठवडे वाचवता आले असते. कार्ले आणि प्रूफ यांच्या लेखांत उत्तर होतंच. बरं माप असलेला तक्ता निवडला तरी हल्ल्याला लागणाऱ्या ट्रेसची संख्या थोड्या पटीने वाढते. मास्किंगमध्ये, मोजमापात पुरेसा नॉइज (अनाठायी चढउतार) असेल तर, ती हिस्स्यांच्या संख्येबरोबर घातांकाने वाढते. हा हिशेब पहिल्याच बैठकीत फळ्यावर मांडायला हवा होता.

नेटलिस्टवरची तपासणीही पहिल्या दिवसापासून हवी होती. टूल हिस्से एकत्र करतात हे या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे, आम्हालाही होतं. पण हाताने एक सर्किट करताना अशी चूक घडली तर योगायोगाने घडते. शोध चालू असताना तीच चूक बक्षीस मिळवून वर येते, हा फरक आमच्या लक्षात आला नाही.

आणि एक तुलना आम्ही फार उशिरा केली. काम संपल्यावर तेवढ्याच संख्येने सिंथेसिस करून, पण पर्याय निव्वळ यादृच्छिक निवडून पाहिलं. उत्क्रांतीचं सर्किट सरस होतं, पण मला वाटलं होतं तितक्या मोठ्या अंतराने नाही. या कामात खरी मेहनत हद्दी आखण्याची होती. शोधाच्या अल्गोरिदमवर आम्ही जितका वेळ बोललो तितका तो त्या लायकीचा नव्हता. ही तुलना आधी केली असती तर निदान तो वेळ तपासणीला मिळाला असता.

आज हे काम आलं असतं तर सायफरही वेगळा निवडला असता. तेव्हा अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या हलक्या क्रिप्टोग्राफीच्या स्पर्धेत १० अंतिम स्पर्धक होते आणि विजेता ठरायचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये अॅस्कॉनची निवड झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये मानक आलं. अॅस्कॉनचा ५ बिटांचा एस-बॉक्स दुसऱ्याच घाताचा आहे, त्यामुळे जी आणि एफ अशी फोड करायची गरजच पडत नाही. पण तीन हिस्स्यांत त्याची थेट वाटणी केली तर ती एकसमान राहत नाही. एक तर नवे यादृच्छिक बिट द्यावे लागतात, नाहीतर वाटणीची काही वेगळी युक्ती. मॉड्यूलच्या पुढच्या आवृत्तीसाठी आम्ही सध्या त्याच गाठीशी आहोत. नेटलिस्ट तपासणारी स्क्रिप्ट ५ बिटांसाठी लिहून झाली आहे, १५ बिटांच्या ३२,७६८ इनपुटांची परीक्षाही तयार आहे. शोध मात्र अजून सुरू केलेला नाही. आधी मॅडम आणि नवा मुलगा, जो आता नवा राहिलेला नाही, मुद्दाम बिघडवलेली सर्किटं त्या परीक्षेला देत आहेत. परवा एक पास झालं, म्हणून स्क्रिप्ट पुन्हा उघडली आहे.